विज्ञान कोठें थांबतें?

"काका, विज्ञानाला उत्तर देतां येणार नाहीं असा एखादा प्रश्न दाखवा," असें वैद्यकीचा अभ्यास करणारा आमचा पुतण्या परवां आम्हांस म्हणाला. त्याचा विद्याभिमान आम्हांस आवडला. तथापि उत्तरादाखल आम्हीं त्यास मुंबईंत घडलेली एक हकीकत सांगितली.

केईएम रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ सालीं तेथेंच अमानुष अत्याचार झाला. गळा आवळला गेल्यामुळें मेंदूस प्राणवायु मिळाला नाहीं व त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. पुढें त्यांचें अन्न थांबवून त्यांस शांतपणें जाऊं द्यावें, असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनीं सर्वोच्च न्यायालयांत केला. न्यायालयानें तीन डॉक्टर नेमले. कायमच्या अचेतनावस्थेचीं बहुतेक लक्षणें येथें आढळतात, असा अभिप्राय त्यांनीं दिला.

विज्ञानाचें काम येथें संपलें; प्रश्न मात्र संपला नाहीं. अर्जदारांस तें जिणें असह्य वाटलें. ज्या परिचारिकांनीं वर्षानुवर्षें त्यांस भरविलें, न्हाऊं घातलें, त्यांस तें आपलें माणूस वाटलें. मेंदूचें आणखी स्पष्ट चित्र काढून हा वाद मिटला नसता. ७ मार्च २०११ रोजीं न्यायालयानें अर्ज फेटाळला, व रुग्णाच्या वतीनें बोलण्याचा अधिकार शुश्रूषा करणाऱ्या सेवकवर्गाचा मानला. १८ मे २०१५ रोजीं अरुणाबाई निवर्तल्या.

सिद्ध वस्तु सांगणारें वाक्य निराळें आणि 'करावें' असें सांगणारा विधि निराळा, हा भेद आपल्या मीमांसकांनीं पूर्वींच ओळखला होता. विज्ञान 'आहे' तें सांगतें. 'करावें' काय, हें त्यांतून आपोआप निघत नाहीं.

म्हणून विज्ञान तुच्छ लेखावें असें मात्र नव्हे. वस्तुस्थिति न जाणतां केलेली दया पुष्कळदां क्रूर ठरते. डॉक्टरांचें म्हणणें आधीं नीट ऐकावें. परंतु निर्णयाचा भार त्यांच्या यंत्रांवर टाकून आपण मोकळे होऊं नये.

असा प्रसंग कोणत्याहि घरीं येऊं शकतो. अंतकाळच्या उपचारांविषयींची इच्छा आधींच लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं मान्यता दिली, आणि २०२३ सालीं तिची रीत सोपी केली. आम्हीं आमची इच्छा दोन साक्षीदारांसमक्ष लिहून, नोटरीकडून साक्षांकित करून घेतली आहे. पुतण्यानें ती वाचली व म्हणाला, "काका, हें आम्हांस आमच्या पुस्तकांतून कळलें नसतें."

वाचकांनींहि घरांतील वडील मंडळी शुद्धीवर असतां त्यांच्याजवळ बसून हें विचारून ठेवावें.