भ्यूंडारच्या खोऱ्यातील दिवसाचा हिशेब

उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात, अलकनंदेला येऊन मिळणाऱ्या लक्ष्मणगंगेच्या वरच्या अंगाला भ्यूंडारचे खोरे आहे. त्यातील ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ या राष्ट्रीय उद्यानाला जाणाऱ्या प्रवाशांत मराठी माणसांचा भरणा चांगलाच असतो; आणि गडकोटांच्या वाटा पायांखाली घातलेल्या या मंडळींच्या बेतांत जे गैरसमज आढळतात, ते अज्ञानातून जितके, तितकेच सह्याद्रीवरील अढळ श्रद्धेतून उद्भवलेले असतात.

त्यांतील पहिला गैरसमज अंतराचा. मुक्कामाचे ठिकाण जे घांगरिया, तेथून दरीचे मोकळे मैदान जेमतेम तीन-चार किलोमीटर. तेव्हा सावकाश न्याहारी उरकून निघाले तरी चालेल, असे पुष्कळांना वाटते. अंतराचा आकडा खोटा नाही. परंतु ती वाट आधी पुष्पावती नदीच्या पुलापर्यंत उतरते आणि मग दगडी पायऱ्यांच्या चढणीने वर जाते. शिवाय दरीची खरी लांबी पुढेच सुरू होत असल्यामुळे, जो मैदानाच्या तोंडाशी पोहोचून परततो त्याने दरीचा केवळ उंबरठा पाहिलेला असतो. त्यातच वनखात्याचा शिरस्ता असा की, चौकीवर परवाना घेऊन सकाळी आत जावे आणि सायंकाळच्या आत बाहेर यावे. दुपारनंतर प्रवेश मिळत नाही, आणि आत रात्रीचा मुक्काम करण्यास, तंबू ठोकण्यास सक्त मनाई आहे. म्हणून येथे किलोमीटर मोजण्यापेक्षा घटका मोजाव्यात. चौकी उघडण्याच्या वेळीच दारात हजर असावे, आणि परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवून, समोर कितीही मोहक फुलोरा दिसत असला तरी ती पाळावी. दरीत खेचरांना मज्जाव आहे. ज्यांना चालवत नाही त्यांना पाठीवरच्या कंडीतून नेणारे गडी घांगरियात मिळतात, पण त्यांची तजवीज सकाळीच करावी लागते.

दुसरा गैरसमज उंचीचा, आणि तो अधिक धोक्याचा. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर; ज्या गोविंदघाटास मोटारीतून उतरून प्रवासी पाय मोकळे करतो, ते ठिकाण त्याहून उंच, म्हणजे सुमारे १,८०० मीटरांवर आहे. तेथून जीपने पुलना गाठून नऊ-दहा किलोमीटर चालून गेले की त्याच सायंकाळी घांगरियास सुमारे ३,०५० मीटरांवर निजावयाचे असते. अशा उंचीवर डोके दुखू लागले, मळमळले, झोप लागेना, तर ‘दमणुकीमुळे असेल’ म्हणून सोडून देण्याची प्रवृत्ती असते. ‘मी रोज व्यायाम करतो, मला काय होणार’ हा युक्तिवादही सर्रास ऐकू येतो. वास्तविक विरळ हवेचा त्रास धट्ट्याकट्ट्यांना होत नाही, असा मुळीच नियम नाही, उलट तरुण आणि ताकदवान माणूस भरभर चढतो म्हणून तोच आधी आजारी पडण्याचा संभव असतो.

कापराच्या पुरचुंडीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. हिमालयात जाणाऱ्या मराठी प्रवाशाच्या सामानात ती हटकून सापडते, आणि ती हुंगल्याने ‘ऑक्सिजन वाढतो’ अशी भावना रूढ आहे. उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होत नाही, ते समुद्रकाठी असते तेवढेच, म्हणजे सुमारे एकवीस टक्के राहते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि ४,३०० मीटरांवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-पंचमांश इतकाच उरतो. कापराने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. दाब काही वाढत नाही. चढण मंद ठेवणे, पाणी वेळोवेळी पिणे आणि त्रास वाढू लागताच खाली उतरणे हेच खरे उपाय होत. गोळ्या घ्यावयाच्या तर त्या निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून.

या उंचीच्या हिशेबावरच दिवसांचा क्रम ठरतो. पुष्कळ जण हेमकुंड साहिब ‘आधी आटोपून टाकू’ म्हणतात. घांगरियापासून सहाच किलोमीटर असलेले हे गुरुद्वारा आणि त्याजवळचे सरोवर सुमारे ४,३०० मीटरांवर आहे, म्हणजे एका सकाळी बाराशे मीटरांहून अधिक चढ, जो कळसूबाईच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या चढाहूनही जास्त आहे. तेव्हा पहिला दिवस दरीला द्यावा, शरीराला हवेची सवय लागू द्यावी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हेमकुंडाची वाट धरावी. त्या वाटेवर खेचरे चालतात. वर लंगरात चहा-खिचडी मिळते. मात्र रात्री राहण्याची मुभा नाही आणि दुपारी खाली उतरावेच लागते.

फुलांविषयीची समजूत बहुधा छायाचित्रांनी घडवलेली असते. उद्यान १ जूनला उघडते आणि ऑक्टोबरअखेर बंद होते, म्हणून हे पाचही महिने फुलांचे, असे गृहीत धरणे चुकीचे आहे. जूनमध्ये वाटेवर बर्फ असते. भर येतो तो जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि त्या अवधीतही एकच देखावा टिकत नाही, एक जात ओसरते तोच दुसरी तिची जागा घेते, व ऑगस्टअखेरीस तर गुलाबी तेरड्याच्या कुळातील उंच झाडोऱ्याचे राज्य असते. ज्यांच्या डोळ्यांसमोर कासचे पठार आहे, तेथील घोट्याएवढ्या फुलांचा सपाट गालिचा आहे, त्यांची येथे थोडी निराशा होते; येथे झाडोरा कमरेएवढा, कधी छातीएवढा वाढतो, आणि निळी अफू त्यात निरखून शोधावी लागते.

ब्रह्मकमळाची गोष्टही अशीच. आपल्या घरांच्या गच्चीत रात्री उमलणारे आणि ज्याचे शेजाऱ्यांना बोलावून दर्शन घडवले जाते, ते मध्य अमेरिकेकडील निवडुंगाच्या जातीचे आहे. हिमालयातील ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले, दिवसाउजेडी दिसणारे. ते दरीच्या मुख्य वाटेवर शोधू नये. हेमकुंडाच्या वरच्या टप्प्यात, पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते खडकांमधून दिसते, आणि तोडण्यास बंदी आहे.

ही दरी १९३१ साली ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ याने ‘शोधली’ असे सर्रास छापलेले असते. कामेट शिखरावरून परतताना तो तेथे आला हे खरे, १९३७ मध्ये पुन्हा आला हेही खरे. पण भ्यूंडारचे लोक पूर्वापार आपली गुरे तेथेच चारीत होते. १९८२ मध्ये उद्यान जाहीर झाल्यावर चराई बंद झाली, आणि तेव्हापासून ज्याला स्थानिक लोक अमेला म्हणतात ते उंच तण फोफावले. चराई थांबल्यानेच ते फोफावले की काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, वनखाते मात्र ते उपटण्याची मोहीम घेते. वाट सोडून छायाचित्रासाठी आत शिरू नये, हा नियम या नाजूक समतोलामुळे आहे. तो मोडणाऱ्यांकडे कौतुकाने पाहण्याची आपली रीत मला तरी अनाकलनीय वाटते.

आणि पावसाळा टाळून जावे, हा सल्ला येथे निरुपयोगी आहे, कारण पाऊस नाही तर फुले नाहीत. टाळावयाचा तो ठासून भरलेला कार्यक्रम. ऋषिकेशपासूनच्या रस्त्यावर दरड कोसळून तासन्‌तास खोळंबणे हे पावसाळ्यात नित्याचे असते, आणि रात्री घाटरस्त्यांवर वाहतुकीला निर्बंध असतात. म्हणून परतीच्या गाडीचे तिकीट काढताना एक दिवस राखून ठेवावा. तो दिवस दरडीत गेला नाही, तर गोविंदघाटापासून बद्रीनाथ अवघे पंचवीस किलोमीटर आहे.