विश्लेषण : टॉवरवर ‘पाळी’ कुणाची? मोबाइल नेटवर्कच्या पेटंटमध्ये ‘हे तर उघडच होतं’ हे कसं ठरतं?

कर्जत (अहिल्यानगर) : कामिका एकादशीला कर्जतमध्ये संत गोदड महाराजांचा रथ निघतो. अशा गर्दीच्या दिवशी एक अनुभव बहुतेकांना येतो. फोनवर टॉवर फुल्ल दिसतो, पण व्हिडिओ सुरू होत नाही आणि फोटो जात नाही. यात सिग्नल कमी पडलेला नसतो, वाटा कमी पडलेला असतो. टॉवरकडे असलेल्या लहरी ठरावीकच असतात आणि मागणारे हजारो. कुणाला, कधी आणि किती द्यायचं हे टॉवरमधलं सॉफ्टवेअर सेकंदाला हजार वेळा ठरवतं.

या वाटपाला तांत्रिक भाषेत ‘रिसोर्स अ‍ॅलोकेशन’ म्हणतात. वाटपाच्या पद्धतींवर जगभरातल्या कंपन्या पेटंट मागतात. पेटंट मिळालं की अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं ती पद्धत दुसऱ्याला परवानगीशिवाय वापरता येत नाही. म्हणून पेटंट ऑफिसच्या टेबलावर एक प्रश्न सतत येतो : ही पद्धत खरंच नवा शोध आहे, की कोणत्याही जाणकार इंजिनीअरला सहज सुचली असती?

हा प्रश्न नेमका काय आहे, तो कसा सोडवला जातो आणि त्याचा आपल्या खिशाशी काय संबंध, ते समजून घेऊया.

टॉवर नेमकं काय वाटतो?

कर्जतकरांना वाटपाचं गणित नवं नाही. येडगाव धरणातून निघणारा कुकडीचा डावा कालवा जुन्नर, पारनेर, श्रीगोंदा करत कर्जतला येतो आणि पुढे करमाळ्याकडे जातो. आवर्तन सुटलं की पाणी किती दिवस चालणार, आधी टेलला की हेडला, कोणत्या चारीला किती तास, यावर सगळं अवलंबून असतं. त्यासाठी शेजपाळी आहे, पाणी मागणीचे अर्ज आहेत, पाटकरी आहे.

टॉवरचंही तसंच आहे. फोरजी नेटवर्कमध्ये उपलब्ध लहरींचे १८० किलोहर्ट्झ रुंदीचे तुकडे पाडले जातात. त्यांना ‘रिसोर्स ब्लॉक’ म्हणतात. १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे ५० ब्लॉक बसतात, २० मेगाहर्ट्झमध्ये १००. हे वाटप दर एक मिलिसेकंदाला नव्याने होतं. म्हणजे चारी तीच, पण पाळी सेकंदात हजारदा बदलते.

वाटपाचे जुने नियमही ओळखीचे वाटतील :

- सगळ्यांना आळीपाळीने सारखं द्यायचं. यात न्याय आहे, पण एकूण वेग कमी पडतो.
- ज्याचा सिग्नल उत्तम त्यालाच आधी द्यायचं. एकूण वेग वाढतो, पण टॉवरपासून लांब वस्तीवरचा माणूस कोरडा राहतो.
- दोन्हीचा मध्य काढायचा. ज्याचा सिग्नल त्याच्या नेहमीच्या मानाने आत्ता चांगला आहे त्याला आत्ता द्यायचं. याला ‘प्रपोर्शनल फेअर’ पद्धत म्हणतात.

हे तिन्ही नियम पाठ्यपुस्तकात आहेत. त्यावर आज कुणी पेटंट मागितलं तर ते मिळणार नाही. भांडण सुरू होतं ते यात थोडा बदल करून आलेल्या अर्जांवरून.

कायदा काय म्हणतो?

भारतीय पेटंट कायदा १९७० चा आहे. पेटंटसाठी तीन मुख्य कसोट्या आहेत. शोध नवा हवा, उद्योगात वापरता येण्यासारखा हवा आणि त्यात ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ म्हणजे शोधकतेची पायरी हवी.

ही तिसरी कसोटी कलम २(१)(जेए) मध्ये आहे. तिचा अर्थ सोप्या भाषेत असा : आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं किंवा दोन्ही, आणि त्यामुळे तो शोध त्या क्षेत्रातल्या जाणकार व्यक्तीला ‘उघड’ वाटता कामा नये.

इथे नवेपणा आणि उघडपणा यांत गल्लत होते. एखादी गोष्ट तशीच्या तशी आधी कुठेच छापलेली नसेल तर ती नवी असते. पण नवी असली तरी ती उघड असू शकते. शेजपाळीच्या वेळापत्रकाला मोबाइलचा गजर जोडला, तर असं आधी कुणी केलेलं नसेलही. तरी कुठल्याही अनुभवी पाटकऱ्याला ते सुचलं असतं. कायद्यातली ‘जाणकार व्यक्ती’ ही अशीच आहे. तिला आपल्या कामाची पूर्ण माहिती आहे, पण ती प्रतिभावंत संशोधक नाही.

भांड्यांच्या लेथपासून सुरुवात

भारतात या कसोटीचा पाया घातला तो एका साध्या यंत्राने. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात धातूची भांडी लेथवर घट्ट धरून घडवण्याच्या पद्धतीवर पेटंट होतं. डिसेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द ठरवलं. जुन्या यंत्रात कारखान्यातल्या कारागिराने सहज केली असती एवढीच सुधारणा असेल, तर तो शोध नव्हे, असा त्या निकालाचा गाभा आहे.

पुढे रोश विरुद्ध सिप्ला या औषधाच्या खटल्यात दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने २७ नोव्हेंबर २०१५ रोजी पाच पायऱ्या घालून दिल्या :

१. त्या क्षेत्रातली जाणकार व्यक्ती कोण, ते ठरवा.
२. पेटंटमधली मूळ शोधक कल्पना ओळखा.
३. अर्जाच्या तारखेला त्या जाणकाराला सर्वसाधारणपणे काय माहीत होतं, ते ठरवा.
४. जुनं ज्ञान आणि नवा दावा यांत फरक काय, तो नेहमीचा वापर आहे की त्यासाठी अनेक पायऱ्यांचं डोकं चालवावं लागलं, ते पाहा.
५. तो फरक जाणकाराला उघड वाटला असता का, हे तपासा. पण उत्तर माहीत झाल्यावरच्या शहाणपणाने नव्हे.

अमेरिकेतही २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या गाडीच्या पेडलच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अडचण माहीत असेल आणि तिच्यावर मोजकेच, अंदाज बांधता येण्याजोगे उपाय असतील, तर त्यातला एक करून पाहणं उघड ठरू शकतं.

‘एवढंच?’ या प्रश्नाचा धोका

पाचवी पायरी सगळ्यात अवघड आहे. फोरजीवरच्या कॉलचं उदाहरण घ्या. बोलणं सुरू असताना फोन साधारण दर २० मिलिसेकंदाला आवाजाचं एक छोटं पाकीट पाठवतो. प्रत्येक पाकिटासाठी टॉवरने वेगळी परवानगी द्यायची ठरवली, तर परवानग्यांचीच गर्दी होते. यावर फोरजीच्या मानकात उपाय आहे : एकदाच सांगून टाका की दर २० मिलिसेकंदाला हा ब्लॉक तुझा. बोलणं थांबेपर्यंत पुन्हा विचारायचं नाही. तांत्रिक नाव ‘सेमी पर्सिस्टंट शेड्युलिंग’. आपल्या भाषेत, दुधाचा रतीब.

रतीब म्हटलं की कुणीही म्हणेल, एवढंच? पण उत्तर समोर ठेवलं की प्रश्न सोपा होतोच. मधेच बोलणारा गप्प झाला तर राखलेला ब्लॉक वाया जातो, त्याचं काय? पाकीट खराब पोचलं आणि पुन्हा पाठवावं लागलं तर ते कोणत्या पाळीत बसवायचं? रतीब बंद झाल्याचं फोनला कसं कळवायचं? ‘रतीब लावा’ ही कल्पना उघड असू शकते. या अडचणींतून काढलेली नेमकी वाट कदाचित उघड नसते. म्हणूनच पेटंटमध्ये शीर्षक नव्हे तर दाव्यातला शब्दन् शब्द तपासला जातो.

परीक्षक तपासतो कसा?

समजा, असा एक काल्पनिक अर्ज आला : ‘सिग्नल चांगला असलेल्या फोनला जास्त ब्लॉक द्यायचे आणि त्यातही व्हिडिओ कॉलला प्राधान्य द्यायचं.’

परीक्षक आधी जुनी कागदपत्रं शोधतो. पहिल्या जुन्या पेटंटमध्ये सिग्नलनुसार वाटप आहे. दुसऱ्या शोधनिबंधात उशीर न चालणाऱ्या डेटाला प्राधान्य आहे. दोन्ही एकाच क्षेत्रातले आणि एकाच अडचणीवरचे. जाणकाराने ते एकत्र केले असते आणि परिणामही अपेक्षितच आला असता. निष्कर्ष : उघड.

आता त्याच अर्जात दुसरा दावा आहे असं समजा. फोन दर वेळी सगळ्या ब्लॉकची खबर देत नाही. फक्त आधीच्या खबरीत पडलेला फरक ठरावीक क्रमाने कळवतो. त्यामुळे खबरींचा भार घटतो आणि तरीही वाटपाची अचूकता टिकते, हे अर्जातल्या चाचण्यांतून दिसतं. जुनी कागदपत्रं अशी कपात केल्यास अचूकता ढासळते असं सांगत असतील, तर अर्जदाराची बाजू भक्कम होते. जुनं ज्ञान ज्या वाटेने जाऊ नका म्हणत होतं, त्याच वाटेने तो गेला आणि पोचला.

वायरलेस क्षेत्रात जुनी कागदपत्रं शोधणं हे मोठंच काम आहे. मोबाइल नेटवर्कची मानकं ‘थ्रीजीपीपी’ या जागतिक संघटनेत ठरतात. तिच्या बैठकांत कंपन्या एकाच अडचणीवर आपापले प्रस्ताव मांडतात आणि ती कागदपत्रं सार्वजनिक असतात. त्यामुळे प्रस्ताव आधी आला की पेटंट अर्ज, यात काही दिवसांच्या फरकानेही निकाल फिरू शकतो.

याशिवाय एक वेगळं कुंपण आहे. कलम ३(के) नुसार गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅम यांना पेटंट नाही. वाटपाचं सूत्र नुसतं सूत्र म्हणून मांडलं तर अर्ज इथेच अडकतो. नेटवर्कमध्ये त्याचा तांत्रिक परिणाम काय होतो, हे दाखवावं लागतं.

नुसतं ‘उघड आहे’ म्हणून चालत नाही

परीक्षकावरही बंधन आहे. अ‍ॅग्रीबोर्ड इंटरनॅशनल प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने ३१ मार्च २०२२ रोजी स्पष्ट केलं की इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही म्हणून अर्ज फेटाळताना तीन गोष्टी आदेशात दिसल्या पाहिजेत. जुनं ज्ञान काय, अर्जातला शोध काय आणि जाणकाराला जुन्याकडून नव्याकडे जाणं उघड कसं ठरतं. तिसरी गोष्ट गाळून थेट निष्कर्ष लिहिता येत नाही.

महाराष्ट्रातल्या अर्जदारांसाठी पेटंट ऑफिस मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे. तिथे अर्ज फेटाळला गेला तर अपील मुंबई हायकोर्टात करता येतं. आधी त्यासाठी वेगळं अपील मंडळ होतं. ते २०२१ मध्ये बंद झालं.

खिशाशी संबंध काय?

कसोटी फार सैल ठेवली तर किरकोळ बदलांवरही २० वर्षांची मक्तेदारी मिळते. तिचं शुल्क हँडसेटच्या किमतीत येऊ शकतं. एरिक्सन विरुद्ध लाव्हा खटल्यात दिल्ली हायकोर्टाने २८ मार्च २०२४ रोजी भारतीय हँडसेट कंपनी लाव्हाला सुमारे २४४ कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितलं. वादात आठ पेटंट होती आणि विषय मुख्यतः आवाजाचं कोडिंग आणि टूजी-थ्रीजी तंत्राचा होता. त्यातली सात कोर्टाने वैध ठरवली, एक टिकलं नाही. एकेका पेटंटची वैधता केवढ्या रकमेच्या हिशोबात येते, ते यातून दिसतं.

कसोटी फार कडक ठेवली तर नुकसान इथल्याच संशोधकांचं होतं. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोचवण्याची चाचणी केली. प्रा. अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधल्या १५ चॅनेलपैकी देशात जवळपास सगळीकडे किमान १२ रिकामी असल्याचं दिसलं होतं. या प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं.

टीव्हीच्या रिकाम्या लहरी वापरा, ही कल्पना जगाला आधीपासून माहीत होती. तेवढ्यावर आज पेटंट मागितलं तर ते उघडच ठरेल. पण विरळ वस्ती, बेभरवशाची वीज आणि कमी खर्च या अटींत कोणत्या गावाला कोणतं चॅनेल कधी द्यायचं, याचं न सुचण्यासारखं उत्तर कुणी काढलं, तर त्याला दार उघडं असायला हवं. गावांच्या अडचणी वेगळ्या असतात, हे जागतिक पातळीवरही मान्य झालं आहे. भारताच्या आग्रहामुळे फाइव्हजीच्या जागतिक चाचण्यांत टॉवरमधलं अंतर ६ किलोमीटर धरून ग्रामीण भागाची वेगळी चाचणी आली. त्याआधी ग्रामीण चाचणीतलं अंतर १,७३२ मीटर होतं.

विद्यार्थी आणि स्टार्टअपनी काय लक्षात ठेवावं?

- ‘पेटंट प्रकाशित’ म्हणजे ‘पेटंट मिळालं’ नव्हे. अर्ज साधारण १८ महिन्यांनी आपोआप प्रकाशित होतो. उघडपणाची तपासणी त्यानंतर, परीक्षणाची विनंती केल्यावर होते.
- विनंतीची मुदत पाळा. २०२४ च्या नियमांनुसार ती ३१ महिने आहे. आधी ४८ महिने होती.
- आधी अर्ज, मग प्रदर्शन. प्रोजेक्ट स्पर्धेत किंवा यूट्यूबवर आधीच दाखवलेली कल्पना तुमच्याच अर्जाविरुद्ध जुनं ज्ञान ठरू शकते.
- आकडे जपून ठेवा. जुन्या पद्धतीने किती आणि नव्याने किती, याची तुलना अर्जातच द्या. ‘अनपेक्षित परिणाम’ हे उघडपणाच्या आक्षेपाला सगळ्यात चांगलं उत्तर आहे.
- पहिल्या तपासणी अहवालाला घाबरू नका. त्यात आक्षेप असणं नेहमीचं आहे. उत्तरासाठी सहा महिने मिळतात.
- विरोधही करता येतो. प्रकाशित अर्ज पेटंट ऑफिसच्या वेबसाइटवर मोफत वाचता येतात. ‘हे तर आधीपासून माहीत होतं’ असं वाटलं आणि पुरावा असेल, तर पेटंट मंजूर होण्याआधी कुणीही कलम २५(१) खाली हरकत नोंदवू शकतं. त्यासाठी कंपनी किंवा वकील असण्याची अट नाही.