विश्लेषण : कोणते बटण दाबले ते पडद्यावर दाखवणारे सॉफ्टवेअर पासवर्डही दाखवते का?

एक्सेल शिकवणाऱ्या व्हिडीओत एक क्षण हमखास येतो. शिकवणारा ‘आता हे असे करायचे’ म्हणतो, रिकामा रकाना झटकन भरतो आणि पाहणारा व्हिडीओ मागे नेऊन तेवढाच भाग तीनदा बघतो. दाबले काय? कंट्रोल आणि ई? की आणखी काही? पडद्यावर परिणाम दिसतो, बोटे दिसत नाहीत. ही अडचण सोडवणारी छोटी सॉफ्टवेअर आहेत आणि त्यातली बरीच मोफत आहेत. दाबलेले बटण ती पडद्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत दाखवतात किंवा क्लिक होताच कर्सरभोवती रंगीत वर्तुळ उमटवतात. शिक्षक, कोडिंग शिकवणारे, गेम खेळणारे अशा अनेकांना त्यांचा उपयोग होतो. मात्र बेसावध क्षणी हीच सोय पासवर्डही चव्हाट्यावर आणू शकते.

अशी साधने कोणती?

हात दाखवण्याची गरज माउसइतकीच जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबर्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे ९० मिनिटांचे प्रात्यक्षिक देऊन माउस जाहीरपणे दाखवला, तेव्हा त्यांचे हात प्रेक्षकांना दिसावेत म्हणून कॅमेरा लावावा लागला होता. आता ते काम सॉफ्टवेअर करते. विंडोजवर ‘कार्नॅक’, मॅकवर ‘कीकास्टर’, लिनक्सवर ‘स्क्रीनकी’ ही मुक्त स्रोत साधने परिचित आहेत. फक्त माउस दाखवायचा असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या मोफत ‘पॉवरटॉइज’मध्ये सोय आहे. त्यात विंडोज, शिफ्ट आणि एच ही बटणे एकत्र दाबली की प्रत्येक क्लिकवर रंग उमटतो. अँड्रॉइड ११ पासून फोनच्या स्क्रीन रेकॉर्डरमध्येही बोट कुठे टेकले ते दाखवण्याचा पर्याय मिळतो.

ही सॉफ्टवेअर बटण ओळखतात कसे?

बटण दाबल्यावर त्याची खबर थेट वर्ड किंवा ब्राउझरकडे जात नाही. ती आधी ऑपरेटिंग सिस्टीमकडे जाते आणि तिथून समोर उघड्या असलेल्या खिडकीकडे. या वाटेवर एखाद्या प्रोग्रामला नाका उभारता येतो. विंडोजमध्ये त्याला ‘हूक’ म्हणतात. नाक्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बटणाची नोंद घ्यायची आणि त्याला पुढे सोडायचे, एवढेच काम.

की-लॉगर नावाचे हेरगिरीचे सॉफ्टवेअरही नेमके असाच नाका लावू शकते. फरक नोंदीचे पुढे काय होते, यात आहे. कार्नॅकसारखे साधन बटण दोन-चार सेकंद पडद्यावर दाखवते आणि विसरते. की-लॉगर ते गुपचूप साठवतो आणि दुसऱ्या कुणाला पाठवतो. त्यामुळे कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावरून असले सॉफ्टवेअर उतरवणे म्हणजे घराची किल्ली वाटसरूच्या हातात देणे. दुसऱ्याच्या संगणकावर त्याच्या परवानगीशिवाय ते बसवले, तर प्रकरण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ पर्यंत जाऊ शकते.

मराठी टायपिंग शिकवताना काय होते?

थोडी गंमत होते. नाक्यावर बटणाचा क्रमांक मिळतो, तयार झालेले अक्षर नव्हे. इनस्क्रिप्ट मांडणीत ‘काम’ लिहायला इंग्रजी के, ई आणि सी ही बटणे लागतात. शिकवणारा ‘काम’ लिहितो आणि काही साधनांत कोपऱ्यात उमटते के, ई, सी. नवख्या विद्यार्थ्याचा गोंधळ ठरलेला. अशा वेळी विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड अधिक कामाचा. मराठी मांडणी निवडली की त्यावर देवनागरी अक्षरे येतात आणि दाबलेले बटण उजळते.

मग पासवर्डचे काय?

पासवर्डच्या चौकटीत ठिपके दिसतात म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ते ठिपके चौकट काढते, नाक्याच्या पुढे गेल्यावर. नाक्यावर बसलेल्या सॉफ्टवेअरला चौकट पासवर्डची की शोधाची, याचा पत्ताच नसतो. त्यामुळे विंडोजवर चौकटीत ठिपके आणि कोपऱ्यात खरी अक्षरे, असा प्रकार घडू शकतो. थेट वर्ग चालू असेल तर ती पुसण्याचीही संधी मिळत नाही.

एक भिंत मात्र विंडोजमध्ये आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीतली बटणे साध्या अधिकारांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसत नाहीत. ‘सॉफ्टवेअर मध्येच बंद पडते’ या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे असते.

मॅक याबाबत अधिक काटेकोर आहे. २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून कीबोर्डवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामला वापरकर्त्याची स्पष्ट परवानगी लागते. शिवाय पासवर्डची चौकट उघडताच सिस्टीम नाका बंद करते, त्यामुळे कीकास्टरला काही कळतच नाही. लिनक्समध्ये दोन टोके आहेत. जुन्या एक्स११ व्यवस्थेत कोणताही प्रोग्राम सगळी बटणे ऐकू शकतो. तिची जागा घेणाऱ्या वेलँडमध्ये एका खिडकीची बटणे दुसरीला ऐकू येत नाहीत, म्हणून तिथे स्क्रीनकी नीट चालत नाही. शिक्षकांना हे गैरसोयीचे वाटते, पण वेलँडची बाजू बरोबर आहे.

वापरताना काय पाहावे?

शिकवण्यासाठी प्रत्येक अक्षर दाखवण्याची गरजच नसते. विद्यार्थ्याला कंट्रोल आणि एस हवे असते, टाइप केलेला परिच्छेद तर समोर दिसतोच. त्यामुळे फक्त शॉर्टकट दाखवण्याचा पर्याय असेल तर तो आधी निवडावा. कीकास्टरमध्ये तो आहे. कार्नॅकमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि पी दाबले की साधन गप्प होते आणि पुन्हा दाबले की बोलू लागते. लॉग-इन रेकॉर्डिंगच्या आधीच उरकणे हा सर्वात सोपा मार्ग.

तरीही पासवर्ड व्हिडीओत गेलाच, तर तेवढा भाग कापून भागत नाही. तोवर कुणी व्हिडीओ उतरवून घेतला असेल, तर कापाकापीचा काही उपयोग नाही. आधी पासवर्ड बदलावा, तोच दुसऱ्या खात्याला वापरला असेल तर तिथलाही, आणि मग एडिटिंगला बसावे.