वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना

जालना जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांत वंशावळीचा विषय निघतो तो बहुधा बारावीचा निकाल लागल्यावर. जात पडताळणी समितीकडे अर्ज करायचा असतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो, आणि तो ज्या पणजोबांच्या नावाचा आहे त्यांच्याशी मुलाचे नाते वडिलांच्या बाजूने कसे जुळते, हे वंशावळीच्या शपथपत्रात मांडावे लागते. मग फोनाफोनी सुरू होते. जिला सगळे तोंडपाठ होते ती आजी तोवर गेलेली असते.

म्हणून आता बरेच तरुण मोबाईलवर, कॉम्प्युटरवर वंशावळ भरून ठेवतात. चांगलेच आहे. पण अ‍ॅप बंद पडते, पैसे मागू लागते, किंवा पुण्यातल्या चुलत भावाकडे वेगळेच सॉफ्टवेअर असते. आम्हीही आमच्या घरची वंशावळ अशीच हलवली. नावे सगळी आली. मात्र नावाखालच्या टिपा, म्हणजे कोणत्या शाळेच्या कोणत्या रजिस्टरात कितव्या पानावर नोंद आहे ते, निम्म्याच आल्या. जुने अ‍ॅप आम्ही आधीच काढून टाकले होते. त्यातल्या काही टिपा थोरल्या चुलत्यांनी सांगितलेल्या होत्या. ते आज हयात नाहीत, आणि आम्हाला ती रजिस्टरे पुन्हा पहिल्या पानापासून चाळावी लागली.

हे का होते? दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतात ते ‘गेडकॉम’ नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाईलमधून. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने १९८४ मध्ये ही पद्धत आणली. फाईलमध्ये प्रत्येक माणूस ही एक नोंद, प्रत्येक कुटुंब ही दुसरी नोंद, आणि कोण कोणाचे मूल हे खुणांनी जोडलेले. १९९९ ची ५.५.१ ही आवृत्ती आजही सर्वाधिक भेटते. २०२१ मध्ये ७.० आली, पण सगळ्यांनी ती अजून घेतलेली नाही. ठरलेल्या खुणा सगळीकडे पोहोचतात. एखाद्या अ‍ॅपने स्वतःपुरती तयार केलेली खूण मात्र दुसऱ्या अ‍ॅपला कळत नाही आणि ते ती गुपचूप सोडून देते. आमच्या टिपांचे तेच झाले होते.

मराठीत भरणाऱ्यांना आणखी एक फटका बसतो. जुन्या गेडकॉमची अक्षरपद्धत रोमन लिपीपुरती होती, त्यात देवनागरी मावत नाही. फाईल काढताना ‘यूटीएफ-८’ निवडले नाही तर आजोबांच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. ती फाईल नंतर दुरुस्त होत नाही, मूळ अ‍ॅपमधूनच पुन्हा काढावी लागते. ७.० मध्ये यूटीएफ-८ सक्तीचेच आहे.

आता आपल्या नोंदींचे. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परतूर परभणीत. त्यामागे गेलात तर हैदराबाद संस्थान. सॉफ्टवेअर गावाचे नाव घेऊन आजचा जिल्हा आपोआप जोडते, आणि कागदावर वेगळाच जिल्हा असतो. ठिकाण कागदावर आहे तसेच लिहा. तारखांचेही तसेच. निजामकालीन कागदावर फसली साल असते. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो, एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. गेडकॉमला फसली माहीतच नाही. १३५७ तसेच भरले तर पणजोबा थेट बहमनी काळात जाऊन बसतात! तारखेत इसवी सन भरा, फसली साल टिपेत ठेवा. ‘अमुक वल्द तमुक’ एवढेच नाव असेल तर आजचे आडनाव मागे नेऊन चिकटवू नका.

गेडकॉममध्ये बाप्तिस्म्याला खूण आहे, ज्यूंच्या बार मित्झ्वाला आहे. धम्मदीक्षेला नाही. आजोबांची १९५६ ची दीक्षा नोंदवायची तर ‘इतर घटना’ निवडून प्रकारात ‘धम्मदीक्षा’ लिहावे लागते. फाईल हलवल्यावर हीच नोंद आधी तपासा. जातीला मात्र स्वतंत्र खूण आहे! काही तरुण विचारतात, आपण बौद्ध झालो, तर ती कशाला भरायची? आमचे मत असे: धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहा. जुन्या कागदावर जी जात लिहिली आहे ती त्या कागदाच्या नोंदीत, शब्द न बदलता ठेवा. पडताळणीला तोच कागद लागणार आहे. सॉफ्टवेअरमधून छापलेला तक्ता पुरावा नव्हे, तो कागदापर्यंतची वाट दाखवतो.

हलवताना आम्ही आता एवढे करतो. जुने अ‍ॅप तसेच ठेवतो. फाईल काढल्यावर ती नोटपॅडमध्ये उघडून देवनागरी नीट दिसते का पाहतो. दोन्हीकडची माणसांची आणि कुटुंबांची संख्या जुळवतो. मग सर्वांत जुना पुरुष, दोन लग्ने झालेला कोणी आणि सासरी नाव बदललेली एखादी आत्या, एवढ्यांच्या नोंदी ओळ न् ओळ ताडून बघतो. चूक बहुतेक वेळा आत्याच्या नोंदीत सापडते. ५.५.१ च्या फाईलमध्ये फोटो येत नाहीत, फक्त त्यांचा पत्ता येतो, म्हणून कागदांच्या फोटोंचा फोल्डर वेगळा न्यावा लागतो. ‘ग्राम्प्स’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर गेडकॉमबरोबर त्याचा स्वतःचा बॅकअपही काढा, त्यात काही गळत नाही.

ऑनलाइन साइटवर चढवण्याआधी हयात माणसे वगळायचा पर्याय निवडा. कोणाची जात, जन्मतारीख, गाव एकत्र उघड्यावर ठेवायचा हक्क आपल्याला त्यांनी दिलेला नाही. आणि एक छापील प्रत गावाकडच्या थोरल्या घरी द्या. आमच्याकडे तिच्यावर काकूंनी पेनाने दोन नावे वाढवली, ती कोणत्याच अ‍ॅपमध्ये नव्हती.