जमिनीखालच्या पाण्याला शीव नाही; मग हिशेब कोण मागणार?

अक्कलकोटहून दुधनीच्या पुढे गेले की कर्नाटक लागतो. रस्त्यावरची पाटी बदलते. पण दोन्हीकडचा काळा खडक एकच, सोयरिकीही एकमेकांत. खडकाच्या भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याला कुठले राज्य माहीत? शिवेलगत खोल बोअर पडली की आधी आटतो तो शेजारचा उथळ हातपंप. पैसेवाला आणखी खोल जातो. मजुरी करणारी माउली मात्र घागर घेऊन लांब चालते.

देशादेशांतही हाच प्रश्न आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2008 मध्ये सामायिक भूजलाबाबत 19 कलमांचा मसुदा राष्ट्रांपुढे ठेवला. पाणी न्यायाने वापरा, शेजाऱ्याचे मोठे नुकसान करू नका, माहिती एकमेकांना द्या, असे तो सांगतो. पण ही सरकारांनी सरकारांशी वागण्याची रीत झाली. युरोपातील 1998 च्या आऱ्हुस कराराने मात्र पर्यावरणाची माहिती मिळणे, निर्णयात भाग घेणे आणि दाद मागणे हे जनतेचे हक्क मानले. भारत त्या करारात नाही.

आपल्याकडे काय? बोरी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. कृष्णेचे पाणी वाटताना बच्छावत लवादाने 1973 च्या निवाड्यात भूजल हिशेबात धरलेच नाही; आपापल्या हद्दीत ते उपसायला राज्ये मोकळी राहिली. पुढे महाराष्ट्राने 2009 चा आणि कर्नाटकाने 2011 चा भूजल कायदा केला. दोन्ही कायदे शिवेवर येऊन थांबतात.

पण 2005 चा माहितीचा अधिकार दोन्हीकडे चालतो! भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. ते आकडे अर्ज करून मागा, ग्रामसभेत मोठ्याने वाचा. पलीकडच्या पाहुण्यांनाही त्यांच्या पंचायतीत तेच करायला सांगा. दोन गावांचे आकडे शेजारी ठेवले की कोणाचा उपसा कोणाला भोवतो, याची चर्चा तरी सुरू होईल. पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या भगिनींनी तिथे पुढच्या रांगेत बसावे.

महाडचे चवदार तळे कागदावर आधीच खुले झाले होते. त्या ठरावात जीव आला तो 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेबांबरोबर लोक तळ्यापर्यंत चालत गेले तेव्हा. आपल्याला तर फक्त ग्रामसभेपर्यंत चालायचे आहे.