अद्भुतकथेतील शब्दनिर्मिती

वास्तवात नसलेले प्रदेश, प्राणी, लोकसमूह व वस्तू यांचे कथेत वर्णन करताना त्यांच्यासाठी नवी नावे व नवे शब्द घडविण्याची प्रक्रिया. असे शब्द नवे असले, तरी ते शून्यातून निर्माण होत नाहीत. त्यांतील ध्वनी, प्रत्यय, समासाची रीत आणि अर्थाच्या छटा या कोणत्या ना कोणत्या बोलल्या जाणाऱ्या वा पूर्वी बोलल्या गेलेल्या भाषेतूनच आलेल्या असतात. त्यामुळे या प्रक्रियेचा विचार दोन अंगांनी करावा लागतो : एक, शब्द कोणत्या नियमाने घडला आणि दोन, ज्या भाषेतून तो घेतला तिच्या भाषकांना कथेत कोणते स्थान मिळाले. यांपैकी दुसरे अंग सहसा दुर्लक्षित राहते. मराठीबरोबरच कोलामी, गोंडी, बंजारा (गोरमाटी) इ. भाषा ज्या यवतमाळ जिल्ह्यात नांदतात, तेथील वाचक-लेखकांच्या दृष्टीने मात्र ते विशेष महत्त्वाचे आहे.

निर्मितीच्या पद्धती : कल्पित शब्द स्थूलमानाने चार प्रकारे घडविले जातात. पहिला प्रकार समासाचा. ज्ञात घटक शब्द एकत्र करून अज्ञात वस्तूचे नाव सिद्ध केले जाते. टॉमस मोर याने १५१६ मध्ये ‘नाही’ व ‘स्थान’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून ‘यूटोपिया’ हे बेटाचे नाव घडविले. मराठीतील आरंभीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी याच मार्गाने संस्कृतचा आश्रय घेतला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची मुक्तामाला (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा (१८६८) या कादंबऱ्यांची नावे त्याची साक्ष देतात.

दुसऱ्या प्रकारात जुना वा बाजूला पडलेला शब्द नव्या अर्थाने वापरला जातो. कारेल चापेक या चेक नाटककाराच्या आर. यू. आर. (१९२०) या नाटकातील ‘रोबॉट’ हा शब्द चेक भाषेतील ‘रोबोटा’ म्हणजे वेठ या शब्दावरून आला असून तो चापेकच्या भावाने सुचविलेला होता. मराठीतील ‘यंत्रमानव’ या प्रतिशब्दात यंत्र आणि मानव दोन्ही आहेत, पण वेठीचा मूळ अर्थ त्यात उतरलेला नाही. शब्दाबरोबर त्याचा इतिहासही कथेत येत असतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

तिसरा प्रकार नादावर आधारलेला आहे. मराठीत ‘पुस्तकबिस्तक’, ‘चहाबिहा’ अशी अनुकरणात्मक जोडी सहज तयार होते. कन्नडमध्ये ‘बि’च्या जागी ‘गि’ येते, उदा., हुली (वाघ) यावरून हुलीगिली. रत्नाकर मतकरी यांच्या निम्मा शिम्मा राक्षस या बालनाट्याच्या नावात निरर्थक वाटणाऱ्या दुसऱ्या पदाने राक्षसाचे भय हास्यात विरघळते. बालसाहित्यात हा प्रकार अधिक आढळतो; कारण त्याचा नियम मुलाला शिकवावा लागत नाही, तो त्याच्या बोलण्यात आधीच असतो.

चौथा व सर्वांत अवघड प्रकार संपूर्ण व्यवस्थेचा. यात सुटे शब्द न घडविता ध्वनींचे व व्याकरणाचे नियम ठरविले जातात आणि शब्द त्या नियमांतून निष्पन्न होतात.

भूतभाषेची कथा : या चौथ्या प्रकाराचा सर्वांत प्राचीन भारतीय दाखला महाराष्ट्राशी निगडित आहे. गुणाढ्याची बृहत्कथा हा अद्भुतकथांचा महाग्रंथ पैशाची भाषेत होता, अशी परंपरा आहे. मूळ ग्रंथ लुप्त झाला असून त्याचा आशय बुधस्वामीचा बृहत्कथाश्लोकसंग्रह, क्षेमेंद्राची बृहत्कथामंजरी व सोमदेवाचा कथासरित्सागर या ग्रंथांवरून कळतो.

सोमदेवाने दिलेली कथा अशी : प्रतिष्ठान (पैठण) येथील सातवाहन राजा जलक्रीडा करीत असता राणीने त्याला ‘मोदकैः’ असे म्हटले. ‘मा’ (नको) आणि ‘उदकैः’ (पाण्याने) असा त्याचा संधी होता. पण संस्कृत न जाणणाऱ्या राजाने मोदक आणविले आणि त्याचे हसे झाले. राजाला सहा महिन्यांत संस्कृत शिकविण्याच्या पैजेत गुणाढ्य शर्ववर्म्याकडून हरला. पैजेनुसार त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांचा त्याग केला व तो विंध्याच्या अरण्यात गेला. तेथे पिशाचांची भाषा शिकून त्याने सात लक्ष श्लोकांची कथा आपल्या रक्ताने लिहिली. ती पिशाचभाषेत आहे म्हणून राजाने नाकारली. तेव्हा गुणाढ्य अरण्यातील पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवी व ते अग्नीत टाकी. सहा लक्ष श्लोक जळाले. राजा पश्चात्ताप पावून आला, तोवर एक लक्ष उरले होते.

दंडीने या भाषेला भूतभाषा म्हटले आहे. तथापि वैयाकरणांच्या दृष्टीने ती भुतांची नव्हती, तर नियमबद्ध अशी एक प्राकृत भाषा होती. वररुचीच्या प्राकृतप्रकाशात व हेमचंद्राच्या व्याकरणात तिचे नियम आले आहेत. मृदू व्यंजनांच्या जागी कठोर व्यंजने येणे हे तिचे ठळक लक्षण होय, उदा., गगन–गकन, मेघ–मेख, राजा–राचा. तसेच ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. पैशाचीच्या मूळ स्थानाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ग्रीअर्सनने तिचा संबंध वायव्य भारतातील भाषांशी जोडला, तर स्टेन कोनो याने ती विंध्य परिसरातील द्राविड लोकांच्या तोंडी रुळलेली आर्य भाषा असावी, असे मत मांडले. यांपैकी कोणतेही मत स्वीकारले, तरी एक गोष्ट उरतेच : जी बोली दरबारात पिशाचांची ठरली, ती माणसांचीच होती. ग्रंथ नाकारला गेला तो त्यातील कथेमुळे नव्हे, तर तिच्या भाषेला दिलेल्या नावामुळे.

शब्द आणि नियम : सुटे शब्द बदलले म्हणजे नवी भाषा होत नाही. महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांच्या नंदभाषेत एकासाठी केवली, दोनासाठी अवारू, तीनासाठी उधानू, विसासाठी काटी आणि शंभरासाठी बिटी असे शब्द होते. गिऱ्हाइकाला भाव कळू नये एवढाच त्यांचा हेतू असे. वाक्यरचना मराठीचीच राही. कथेतील परक्या लोकांच्या तोंडी केवळ असे शब्द घातले, तर वाचकास त्यांमागे लपलेली आपलीच भाषा जाणवते.

याउलट एक लहानसा ध्वनिनियम सातत्याने पाळला, तर संपूर्ण प्रदेशाला स्वतंत्र रूप येते. वररुचीचा वरील नियम एखाद्या कल्पित राज्याला लावला, तर तेथील गोदा नदी ‘गोता’ होईल, नगर ‘नकर’ होईल आणि राजाला ‘राचा’ म्हटले जाईल. अशी चार-पाच नावे वाचल्यावर वाचक पुढचे नाव आपणच ओळखू लागतो. कल्पित शब्द विश्वसनीय वाटतो तो याच क्षणी.

जे. आर. आर. टोल्कीन या भाषाशास्त्रज्ञ कादंबरीकाराच्या द लॉर्ड ऑफ द रिंग्ज (१९५४-५५) या ग्रंथाचे यश बऱ्याच अंशी या तत्त्वावर उभे आहे. त्याच्या क्वेन्या भाषेवर फिनिश भाषेचा, तर सिंदारिनवर वेल्श भाषेचा संस्कार आहे. त्याने या भाषांचे शब्दभांडार उचलले नाही. ध्वनींची चाल उचलली. शिवाय या दोन्ही कल्पित भाषा एकाच पूर्वज भाषेपासून निघाल्या, अशी योजना करून त्याने शब्दांत नियमित नाते ठेवले. झाडाला एकीत ‘अल्दा’, तर दुसरीत ‘गलध’ म्हणतात. पहिलीत आरंभीचा ‘ग’ लोपला आहे. ‘ओर्क’ आणि ‘एंट’ हे शब्द मात्र त्याने प्राचीन इंग्रजीतून घेतले.

कोलामीचे उदाहरण : टोल्कीनने कल्पिलेले हे नाते प्रत्यक्षात पाहावयाचे, तर यवतमाळ जिल्ह्यातील कोलामी भाषा त्यास उपयुक्त आहे. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी इ. तालुक्यांत कोलामांच्या वस्त्या असून त्यांना पोड म्हणतात. कोलामी ही मध्य द्राविड शाखेतील भाषा आहे; तेलंगणातील आदिलाबाद भागातही ती बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या सव्वा लाखाहून अधिक होती. कोलाम स्वतःस कोलावर म्हणवितात. मरी बी. एमेनो या भाषावैज्ञानिकाने कोलामीचे सविस्तर वर्णन १९५५ मध्ये प्रसिद्ध केले.

पाण्याला तमिळमध्ये नीर्, तेलुगूमध्ये नीरु, कोलामीत ईर आणि गोंडीत येर म्हणतात. कोलामी व गोंडी रूपांत आरंभीचा ‘न’ नाही; पण एकाच कुळाची खूण लपत नाही. मराठी वाचकास परिचित असलेल्या ‘नीर’ या संस्कृत शब्दाचे मूळही अनेक अभ्यासक द्राविडच मानतात. म्हणजे जो शब्द मराठी काव्यात भारदस्त वाटतो, त्याचाच आप्त पोडावर रोजच्या वापरात आहे.

कोलामीची संख्याव्यवस्था याहून लक्षणीय आहे. दोन पुरुष असल्यास इद्दर, दोन स्त्रिया असल्यास ईरल आणि मनुष्येतर प्राणी वा वस्तू असल्यास इंदिंग असे भिन्न शब्द योजले जातात. मोजण्याच्या क्रियेतच मोजलेल्याचे स्वरूप सांगितले जाते. अद्भुतकथा लिहिणाऱ्यास येथे दोन मार्ग उपलब्ध होतात. ‘इंदिंग’ हा शब्द कानाला अनोळखी वाटतो म्हणून तो एखाद्या नरभक्षक टोळीच्या तोंडी घालणे, हा पहिला व सोपा मार्ग होय. दुसऱ्या मार्गात केवळ तत्त्व घेतले जाते. समजा, एखाद्या कल्पित समाजात जिवंत, मृत व अद्याप न जन्मलेल्या व्यक्ती मोजण्यासाठी तीन वेगळे संख्याशब्द आहेत. तर एका संख्येच्या उच्चारासरशी त्या समाजाची मृत्यूविषयीची कल्पना वाचकास कळेल. पहिल्या मार्गाने कोलामी मूल आपल्या घरातील शब्द राक्षसाच्या तोंडी वाचील. दुसऱ्या मार्गाने कथाही समृद्ध होईल व कोलामीच्या रचनेची सूक्ष्मताही मान्य होईल.

आधुनिक कल्पित भाषा : चित्रपटांमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून कल्पित भाषा घडविण्याचे काम भाषावैज्ञानिकांकडे येऊ लागले. मार्क ओक्रँड याने १९८४ च्या स्टार ट्रेक चित्रपटासाठी क्लिंगॉन ही परग्रहवासीयांची भाषा विकसित केली; तिचा कोश १९८५ मध्ये निघाला. ती मानवी वाटू नये म्हणून त्याने वाक्यात कर्म, क्रियापद व कर्ता असा अत्यंत विरळ क्रम ठेवला. परंतु हाच क्रम ब्राझीलमधील हिश्कर्याना या भाषेत प्रत्यक्ष आढळतो. अमानवी म्हणून निवडलेली रचनाही अशा रीतीने मानवी ठरली. याच ओक्रँडने १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील म्युत्सुन या मूलनिवासी भाषेच्या व्याकरणावर प्रबंध लिहिला होता. त्या भाषेची अखेरची अस्खलित भाषक १९३० मध्ये मरण पावली होती. पुढे तिच्या वंशजांनी भाषेच्या पुनरुज्जीवनाचे कार्य हाती घेतले.

भारतात बाहुबली (२०१५) या चित्रपटातील कालकेय टोळीसाठी मदन कार्की यांनी किलिकी ही भाषा रचली. तिच्यात सुमारे ७५० शब्द व ४० व्याकरणनियम होते. शत्रूच्या तोंडी एखादी जिवंत बोली न घालता त्याच्यासाठी वेगळी भाषा रचण्याचा श्रम येथे घेतलेला दिसतो.

मूल्यमापन : कल्पित शब्दाची कसोटी त्याच्या विचित्रपणात नसते. तो कोणत्या नियमाने घडला हे वाचकास नकळत उमगले पाहिजे आणि त्याच नियमाने आणखी शब्द घडविता आले पाहिजेत. मराठी अद्भुतकथेने आजवर मुख्यतः संस्कृत समासांवर भिस्त ठेवली. त्यामुळे तिच्या नावांना भारदस्तपणा आला, पण तिचे कल्पित प्रदेश एकाच भाषेच्या छायेत राहिले. महाराष्ट्रातील कोलामी, गोंडी, कोरकू, भिल्ली इ. भाषांच्या रचनांत नव्या घडणीस पुरेसे साहित्य आहे. त्यांचा उपयोग करताना व्याकरण अभ्यासून तत्त्व घ्यावे, शब्द घ्यावयाचा झाल्यास त्याचा अर्थ व त्याच्या भाषकांचा मान सांभाळावा आणि परकेपणा दाखविण्यासाठी शेजाऱ्याची बोली वापरू नये, एवढे पथ्य आवश्यक ठरते. गुणाढ्याच्या कथेतील राजाला आपली चूक सहा लक्ष श्लोक जळाल्यावर उमगली. लहान भाषांच्या बाबतीत ती त्याआधी उमगणे इष्ट होय.