जुन्या बोलपट-यंत्राचा आवाज

'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट १९३१ साली मुंबईत प्रदर्शित झाला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. म्हणूनच ज्या जुन्या फिती उरल्या आहेत, त्यांचे बोल नीट ऐकू येतील अशी काळजी घेणे अगत्याचे आहे.

फितीवर चित्रांच्या कडेने एक अरुंद ध्वनिपट्टा असतो. लहानशा दिव्याचा प्रकाश बारीक फटीतून त्यावर पडतो आणि कमीअधिक होऊन पलीकडील प्रकाशविद्युत्‌-घटावर पोहोचतो. तेथे त्याची वीज होते. ती ध्वनिवर्धकात वाढते आणि कर्ण्यातून शब्द उमटतात.

यंत्र मुके झाले, तर जाणता चालक याच वाटेने दोष शोधतो. दिवा लागला असल्यास त्याच्या प्रकाशात तो कागद झरकन हलवतो. 'धप्प' असा आवाज आला, तर पुढील मार्ग ठीक आहे. न आल्यास दोष घटात, ध्वनिवर्धकात किंवा कर्ण्यात असतो. शब्द अस्पष्ट असल्यास भिंगावर तेल वा धूळ बसलेली असते. सतत गुरगुर येत असेल, तर फीत बाजूला सरकून तिची छिद्रे प्रकाशात येत असावीत. ३५ मिलिमीटरच्या फितीत सेकंदास ९६ छिद्रे पुढे सरकतात. आवाज थरथरला, तर फितीची गती एकसारखी नाही असे समजावे. त्या फितीत ध्वनी चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे असतो; म्हणून ओवताना वळसा चुकला, की ओठ आणि शब्द यांचा मेळ बसत नाही.

मुलांनो, आधी कारण शोधावे, मगच यंत्राला हात लावावा. उतावळेपणाने फीत तुटली, तर तिच्यातील बोल कायमचे हरपतील.